एअरिंग कबर्डमधल्या नऊ गोगलगायी

आमच्या घरात दोघंही जीव वाचवायची नोकरी करत होतो. नवरा हॉस्पिटलमध्ये माणसांचे वाचवायचा, मी गोगलगायींचे. पाहुणे आले की कोणत्या नोकरीचं कौतुक व्हायचं ते सांगायला नको. माझी पाळी आली की नवरा म्हणायचा, "ही गोगलगायींची सिस्टर आहे," आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. तोंडदेखलं हसायची सवय बाईला लग्नाच्या पहिल्या वर्षातच लागते.

नोकरी मिळाली तीसुद्धा हसण्यासारखीच. पुण्यात मी कॉलेजात झूलॉजी शिकवत होते, म्हणजे मुलांना झुरळं आणि बेडूक फाडायला लावत होते. लग्न झालं, डॉक्टरांमागोमाग इंग्लंडला आले आणि पुढची दहा वर्षं त्यांच्या बदल्यांमागे बिऱ्हाड हलवत राहिले. रीडिंगला एकदाचं बूड टेकलं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गावाबाहेरच्या एका छोट्या संशोधन केंद्राला अर्धवेळ टेक्निशियन हवी होती. मुलाखतीत तिथल्या साहेबाने एकच प्रश्न विचारला, "तेच काम रोज करून तुम्हाला कंटाळा येतो का?" मी म्हटलं, "मी दहा वर्षं स्वयंपाक करतेय." त्याने तिथल्या तिथे नेमणूक केली.

साहेब साठीकडे झुकलेला, कोपराला ठिगळं लावलेला स्वेटर घालणारा, एकटा राहणारा इंग्रज होता. माणसांशी बोलताना तो बुटांकडे बघायचा आणि गोगलगायींशी बोलताना मात्र नीट त्यांच्याकडे बघायचा. कामाची खोली सदा उबदार ठेवलेली असे. फडताळांवर प्लास्टिकचे डबे, प्रत्येक डब्यात ओला टिश्यू आणि टिश्यूच्या घड्यांत नखाएवढ्या गोगलगायी. ओटचं पीठ, वाळलेल्या गवताची पूड आणि खडूची पूड पाण्यात कालवायची, डब्याच्या आतल्या बाजूला लिंपायची, जुना टिश्यू काढून नवा घालायचा आणि सगळ्या मोजायच्या, एवढं माझं काम. ते कालवलेलं पीठ दुसऱ्या दिवशी हिरवट होई आणि त्याला ढोकळ्याचं पीठ बिघडल्यासारखा वास येई. हे मुद्दाम सांगून ठेवते.

या गोगलगायी प्रशांत महासागरातल्या एका बेटावरच्या. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तशी तिथे दर दरीला गोगलगाय बदलायची. एका दरीतली तपकिरी पट्ट्यांची, डोंगर ओलांडला की पिवळसर, त्यापलीकडे आणखी तिसरीच. जगात दुसरीकडे कुठेही यातली एकही नाही. त्या पानांच्या पाठीला चिकटून दिवसभर झोपायच्या, रात्री उठून झाडावरचं शेवाळ आणि कुजकी पानं खायच्या. अंडी घालत नसत. एका वेळी एकच जिवंत पिल्लू, तेही सावकाश, कुणाला घाई नसल्यासारखं. हजारो वर्षं त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नाही आणि त्यांचंही कुणी केलं नाही.

मग तिथे माणसं शहाणपणा घेऊन पोचली. आधी कुणीतरी खायला बरी म्हणून आफ्रिकेतली मुठीएवढी गोगलगाय नेली. तिला फारसं कुणी खाल्लं नाही, उलट तिनेच लोकांच्या बागा खाल्ल्या. मग तज्ज्ञांना विचारलं. तज्ज्ञ हा प्राणी कुठल्याही बेटावर आपोआप सापडतो. ते म्हणाले, अमेरिकेत एक गोगलगाय आहे, ती दुसऱ्या गोगलगायींना खाते, ती सोडा. सोडली. नवी बाई आफ्रिकेच्या धिप्पाड बाईच्या फारशी वाटेला गेली नाही. पानामागे झोपलेल्या नखाएवढ्या देशी गोगलगायी तिला सोप्या पडल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिचा खरा अर्थ मला त्या अमेरिकन गोगलगायीने शिकवला. बघता बघता एकेक दरी ओस पडली. उरलेल्या काही गोगलगायी शास्त्रज्ञांनी डब्यांत घालून इंग्लंडला आणल्या. म्हणजे बेट तिकडे समुद्रात, आणि बेटाची लेकरं इकडे आमच्या बर्कशर परगण्यात माझ्या हातच्या पिठावर.

यांना का वाचवायचं, हे मला कुणी समजावलं नव्हतं आणि समजावायची गरजही पडली नाही. आपण येऊन कुणाचं घर मोडलं, तर निदान त्या घरातल्यांना उपाशी मारू नये, एवढं मला झूलॉजीच्या आधीपासून कळत होतं. पण हे आमच्या महाराष्ट्र मंडळाला सांगायला गेले, तिथे माझं चुकलं.

मंडळाच्या शरद ऋतूतल्या कार्यक्रमाला वक्ता आयत्या वेळी आजारी पडला आणि सेक्रेटरींनी मला विचारलं. मी हुरळले. साहेबाकडून स्लाइड्स घेतल्या, शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला आणि पाऊण तास जीव तोडून बोलले. समोर निम्म्या खुर्च्या डॉक्टरांच्या. पहिला प्रश्न आला, "त्या खातात का?" दुसरा, "काही मेडिसिनल यूज? आर्थ्रायटिसवर वगैरे?" एक ज्येष्ठ सर्जन उठून म्हणाले, "वाघ वाचवा, हत्ती वाचवा, आय कॅन अंडरस्टँड. पण गोगलगाय? तिचा उपयोग काय?" तेवढ्यात माझ्याच नवऱ्याने मागून टोला हाणला, "अहो, आमच्या बागेत येऊन बघा, माझ्या मेथीचा तिला पुरेपूर उपयोग आहे!" हॉल खदखदून हसला. त्यानंतर वडे आले आणि बेट विसरलं गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, या लोकांसमोर पुन्हा गोगलगायीचा 'गो' काढायचा नाही. नाक कापून घ्यायला एकदा पुरे.

माझी मेडनहेडची मैत्रीण तेवढी हसली नव्हती. कारण ती हॉलमध्ये नव्हतीच, मागच्या किचनमध्ये वडे तळत होती. तिचाही नवरा डॉक्टर. मंडळाच्या जेवणावळी तिच्या जिवावर चालत आणि तिच्या जिवापेक्षाही तिच्या डब्यांवर. इंग्लंडातल्या प्रत्येक मराठी घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे जन्मभर जपले जातात. त्यांतून आमटी, मोदक, कोथिंबीर सगळं प्रवास करतं. मैत्रिणीने प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी लावून आडनाव लिहिलेलं असे आणि तिचा कायदा कडक होता. डबा परत आला पाहिजे आणि रिकामा येता कामा नये. साखर घाला, चार शेंगदाणे घाला, पण रिकामा डबा उंबऱ्यातून आत यायचा नाही. तिचं स्वतःचं वागणंही तसंच, तिच्याकडून आमच्याकडे एकही डबा कधी पोकळ आला नाही.

आणि मी? गणपतीत तिने मोदक पाठवले, तो डबा माझ्याकडे तसाच पडून होता. साहेबाला डबे कमी पडत होते, नवीन घ्यायला वरून मंजुरी येत नव्हती. मी घरातले सहा डबे उचलले आणि दानशूर कर्णाच्या थाटात त्याच्यापुढे ठेवले. त्यातला एक माझा नव्हताच. झाकणावरची मैत्रिणीच्या आडनावाची पट्टी मी पाहिली होती. म्हटलं, कोण बघतंय.

नेमक्या त्याच डब्यात साहेबाने एका दरीतल्या गोगलगायी ठेवल्या. तपकिरी, पाठीवर पांढरी बारीक रेघ. आणल्या तेव्हा बऱ्याच होत्या, पण काहीतरी बिघडलं आणि त्या एकेक करत गेल्या. त्या डिसेंबरात नऊ उरल्या होत्या. बेटावरची दरी रिकामी होती, दुसऱ्या कुठल्याही केंद्रात ही जात उरली नव्हती. डब्याच्या तळाशी पेन्सिलीने नावाऐवजी त्या जातीचा एक आकडा लिहिला होता, बस.

ख्रिसमसला केंद्र बंद आणि खोलीचं हीटिंग आठवडाभर दुरुस्तीला. साहेबाने डबे वाटून दिले. तो डबा माझ्या हातात देताना बुटांकडे बघत म्हणाला, "माझं घर थंड असतं आणि मांजरं आहेत. तुमच्याकडे मी जेवायला आलो होतो, तेव्हा मला कोट, स्वेटर आणि टाय काढावा लागला होता." खरंच होतं. थर्मोस्टॅट या विषयावर आम्ही भारतीय कुणाचं ऐकत नाही. मी डबा छातीशी धरून घरी आणला आणि एअरिंग कबर्डमध्ये ठेवला. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं ते कपाट, इंग्रज त्यात टॉवेल वाळवतात. आम्ही त्यात विरजण लावतो आणि इडली-ढोकळ्याची पिठं फुगवतो. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. विरजणाच्या पातेल्याशेजारी नऊ गोगलगायी झोपल्या.

बॉक्सिंग डेला, म्हणजे ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, मैत्रीण नवऱ्यासह जेवायला आली. मी तिला डब्याबद्दल काही बोलले नाही. नवरा आता परत काहीतरी फालतू बोलेल, तिचा नवरा हसेल, म्हणून मी रागाने तोंड शिवून घेतलं होतं. जेवणं झाली, तिने माझं न ऐकता भांडी घासली, हात पुसायला टॉवेल आणायला ती वर गेली, चारच्या अंधारात ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजं पीठ कालवून एअरिंग कबर्ड उघडलं. विरजणाचं पातेलं जागेवर होतं. डबा नव्हता.

मी टॉवेल उपसले, चादरी उपसल्या, नवऱ्यावर ओरडले. मग कुठल्या बुद्धीने कुणास ठाऊक, मेडनहेडला फोन लावला.

"अगं हो, मीच नेला!" मैत्रीण खळखळून हसली. "माझाच आहे तो, गणपतीतला. टॉवेल घ्यायला कबर्ड उघडलं, तर बाई गं! ढोकळ्याचं पीठ ना ते? कधी भिजवून विसरलीस? पार ग्रीन झालं होतं, वर ओला टिश्यू कशाला झाकला होतास देव जाणे. सगळ्यांसमोर तुला एम्बॅरस कशाला करायचं, म्हणून गुपचूप बॅगेत घातला. यू आर वर्किंग, होतं असं. घासून लख्ख केलाय आता, चिवडा भरून ठेवलाय तुझ्यासाठी."

"आतलं कुठे टाकलंस?"

"कॉम्पोस्टमध्ये. का गं?"

रीडिंग ते मेडनहेड रस्ता मोकळा असला तर वीसेक मिनिटांचा. त्या दिवशी मोकळा होता, तरी मला तो पुण्याहून पायी आल्यासारखा वाटला. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. बागेच्या टोकाला कॉम्पोस्टचा ढीग, त्यावर टिश्यूचा गोळा, कडक झालेला. मी गुडघ्यांवर बसले आणि तो उलगडायला लागले. पहिली मिळाली, मेलेली. दुसरी, तिसरी, तशाच. माझ्याबरोबर आलेला नवरा त्याच्या डॉक्टरी बॅगेतला बारीक चिमटा घेऊन शेजारी बसला. दर वसंतात मेथीच्या वाफ्यांत निळ्या विषाच्या गोळ्या पेरणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा गोगलगाय जपून उचलत होता.

मैत्रीण नाइटगाऊनवर कार्डिगन घालून, हातात चिवड्याचा डबा धरून उभी होती. "या बागेतल्याच ना गं?" ती म्हणाली. "इथे हव्या तेवढ्या मिळतील."

"नाही. या नऊच होत्या."

"रीडिंगमध्ये?"

"जगात."

 तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या डब्याकडे. मी मात्र बोलले. तुझ्या टापटिपीने एक अख्खी जात मारलीस, असं म्हणाले. शब्द आठवतात, कारण ते मागे घेता आले नाहीत. नवरा चिमटा हातात धरून शांतपणे म्हणाला, "तू सांगितलं होतंस का तिला?"

सांगितलं नव्हतं. डबा तिचा, न विचारता मी दिला. परत करायचा कायदा मी मोडला, तिने पाळला. आणि जी गोष्ट पाऊण तास पडद्यावर दाखवून परक्यांना सांगितली, ती जेवायला आलेल्या मैत्रिणीला एका वाक्यात सांगितली नाही, का, तर माझं नाक. मला तिचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. बेटावरच्या तज्ज्ञांना मी इतके महिने नावं ठेवत होते. ते बिचारे माझ्याच जातीचे निघाले.

ढिगाच्या आत, चहाच्या चोथ्यात आणि आल्याच्या सालींत थोडी ऊब होती. तिथे दोन सापडल्या. मी तळहातावर घेऊन फुंकर घालत राहिले, बऱ्याच वेळाने एकीने शिंग बाहेर काढलं. मैत्रीण धावत आत गेली आणि फळीवरून दुसरा डबा घेऊन आली. "हा घे," म्हणाली, "कोरा आहे, मीठ लागलेलं नाही." त्यावरही तिच्या आडनावाची पट्टी होती. या वेळी मी विचारून घेतला.

केंद्र उघडलं त्या दिवशी साहेबापुढे दोन डबे ठेवले. एकात दोन गोगलगायी, दुसऱ्यात चिवडा, कारण तो मूळचा डबा होता आणि रिकामा न्यायची माझी हिंमत झाली नाही. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो बुटांकडे बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला होता. बेटावरही सगळ्यांचा चांगलाच होता." नंतर काय करावं न सुचून त्याने चिवडा तोंडात टाकला, आणखी एक मूठ घेतली. त्याचे डोळे भरून आले. मिरच्यांनी, असं मी तेव्हा धरून चालले.

दोघींपैकी एक ईस्टरला गेली. दुसरी दोन वर्षांहून जास्त जगली, एकटी. या गोगलगायींत नर-मादी असा भेद नसतो, तरी पिल्लाला दोघी लागतात, निदान आमच्या हिला लागत असाव्यात. पिल्लू झालं नाही. मैत्रीण महिन्यातून एकदा तिला बघायला यायची. भिंग डोळ्याला लावून म्हणायची, "खाल्लं का गं हिने आज?" त्याच वर्षी तिने मंडळात माझं व्याख्यान परत ठेवलं आणि किचनच्या दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. आधी बेट, मग वडे. व्याख्यानानंतर तेच ज्येष्ठ सर्जन उठले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तिचा उपयोग काय? मैत्रीण मागून म्हणाली, "भाऊसाहेब, तुम्ही रिटायर झालात, तुमचा आता काय उपयोग? पण आम्ही तुम्हाला टाकून दिलंय का?" या वेळी हॉल हसला तो माझ्या बाजूने.

नव्वदच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत, सोमवारी सकाळी मी झाकण उघडलं आणि मोजायला काही उरलं नव्हतं. शिंपल्यासारखं रिकामं कवच टिश्यूवर पडलं होतं. साहेबाने वहीत त्या आकड्यापुढे रेघ ओढली. दुपारी त्याने डबा स्वतः धुतला, कोरडा पुसला आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्या मैत्रिणीचा ना?"

घरी बेसनाचे लाडू वळून ठेवलेले होते. मी डबा ओट्यावर ठेवून त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले. मग तसाच उचलला आणि मेडनहेडला गेले. मैत्रिणीने दार उघडलं, डबा घेतला आणि सवयीने झाकण काढलं.

"रिकामा?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ती आत बघत राहिली. मग तिने झाकण लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला. आम्ही चहा घेतला, तिच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो, मी कोट घातला. एरवी परत आलेला डबा लगेच भरून ती पुन्हा माझ्या हातात द्यायची, पण निघेपर्यंत तिने त्यात काहीही भरलं नाही.